सहा ठिपक्यांचे देणे : लुई ब्रेल

वाचकहो, आपल्या भागात घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा भिंतच नसते. राबोडीत, मुंब्र्याला, कल्याणच्या दूधनाक्याकडे किंवा भिवंडीत तुम्ही पाहतच असाल. पुढच्या खोलीत शिवणयंत्र किंवा चपलांचे काम, मागच्या खोलीत चूल आणि या दोन्हींच्या मध्ये रांगणारे, हाताला येईल ते उचलणारे पोर. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या कुव्रे नावाच्या खेड्यात असेच एक घर होते. पॅरिस शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर. घरधनी सिमों-रने ब्रेल हा जिनगर होता. घोड्यांची खोगिरे, लगाम, चामड्याचे पट्टे तो करीत असे. त्याच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी चौथे आणि शेवटचे अपत्य जन्मले. त्याचे नाव लुई.

हे शेंडेफळ तीन वर्षांचे असताना बापाच्या कामाच्या जागी खेळत होते. चामड्याला भोक पाडण्याची आरी त्याने उचलली आणि बापासारखे काम करून पाहू लागले. आरी निसटली ती थेट डोळ्यात. काही चरित्रकार आरीऐवजी चामडे कापायच्या सुरीचे नाव घेतात. हत्यार कोणतेही असो, परिणाम एकच. जखमी डोळा सुजला, चिघळला आणि थोड्याच काळात दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही बाधा झाली. पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्ण गेली.

एका डोळ्याला इजा झाली तर दुसरा का जावा, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. जखमेतला संसर्ग पसरणे हे एक कारण असू शकते. दुसरे असे की, डोळ्याला आरपार जखम झाली असता आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा कधी कधी चवताळते आणि निरोगी डोळ्यावरच हल्ला करते. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही हे घडू शकते. लुईच्या बाबतीत असेच झाले असावे, असे अनेक डॉक्टरांचे मत आहे. आज यावर उपचार आहेत. त्या वेळी त्या गावात काढे, लेप आणि पट्ट्या यांपलीकडे काही नव्हते.

पालकहो, येथे थोडे थांबून दोन शब्द बोलतो, कारण विटीदांडू, धनुष्यबाण, फटाके आणि घरातली टोकदार हत्यारे आपल्याकडेही आहेतच. मुलाच्या डोळ्यात काही घुसले, तर डोळा चोळू नका, दाबू नका, रुतलेली वस्तू स्वतः उपटू नका. मध, दूध, सुरमा, शेजारणीने दिलेले थेंब यांतले काही घालू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशा बेताने वरून एखादी वाटी किंवा कागदाचा पेला आडोशासारखा धरा आणि त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, नेत्रतज्ज्ञाकडे न्या. चुना किंवा एखादे रसायन उडाले असेल, तर मात्र आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचे आणि मग निघायचे. सकाळपर्यंत वाट पाहू, हा विचार फार महाग पडतो.

लुईच्या आईबापांनी पुढे जे केले ते मला त्या अपघाताइतकेच महत्त्वाचे वाटते. त्या काळी गरीब घरातल्या अंध मुलापुढे बहुधा एकच वाट असे, चर्चच्या दारात किंवा जत्रेत हात पसरण्याची. सिमों-रनेने मुलाला काठी करून दिली आणि गाव पायाखाली घालायला शिकवले. लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून त्याने लुईला बोटांनी अक्षरे ओळखायला लावली, असे सांगतात. घरातली कामेही त्याच्याकडून करून घेतली. पालुई नावाचे पाद्री गावात आले, त्यांनी मुलाची हुशारी हेरली आणि त्याला शिकवू लागले. मग गावच्या शाळेत त्याला घेण्याची विनंती बेशरे नावाच्या तरुण शिक्षकाला करण्यात आली आणि त्यांनी ती मान्य केली.

एक शिक्षक म्हणून सांगतो, या साऱ्या कथेत मला बेशरे गुरुजींविषयी विशेष आदर वाटतो. त्यांच्यापाशी बी.एड.ची पदवी नव्हती, विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण नव्हते, सरकारचे परिपत्रक नव्हते. डोळस मुलांच्या बाकावर त्यांनी एका अंध मुलाला बसवले आणि त्याला ऐकून शिकू दिले. लुई वर्गात पुढे राहिला. आपल्या वर्गातली जी मुले फळा नीट दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात आणि मग ढ ठरतात, त्यांची मला येथे आठवण होते. मुलगी असेल तर अधिकच पंचाईत! चष्मा लागला तर उद्या स्थळ कसे येईल, या काळजीने तिला वर्षानुवर्षे धूसर फळ्यासमोर बसवले जाते. दृष्टीचा नंबर हा काही ऐब नव्हे. वाढत्या वयात एका डोळ्याचा मोठा नंबर किंवा तिरळेपणा तसाच राहू दिला तर तो डोळा आळशी होतो, मेंदू त्याचे ऐकेनासा होतो, आणि वय वाढले की नुसत्या चष्म्याने तो सुधारत नाही.

लुई दहा वर्षांचा झाला. गावातल्या शाळेला जेवढे देणे शक्य होते तेवढे देऊन झाले होते. तेथील जमीनदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत त्याला जागा मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी बाप त्याला घेऊन गेला आणि ठेवून परत आला.

ही संस्था व्हॅलेंटिन आवी या गृहस्थाने काढली होती. १७७१ साली पॅरिसच्या एका जत्रेत त्याने काही अंध माणसांची विटंबना पाहिली. त्यांना विदूषकासारखे कपडे आणि पुठ्ठ्याचे चष्मे चढवून, वाद्ये हातात देऊन लोक हसत होते. त्या दृश्याने बेचैन झालेल्या आवीने पुढे १७८४ च्या सुमारास एका अंध भिकारी मुलाला हाताशी धरले आणि जगातली अंधांची पहिली शाळा त्यातून उभी राहिली. ओला कागद ठशांवर दाबून उठावाची अक्षरे उमटवायची आणि ती बोटांनी वाचायची, ही त्याची रीत.

रीत दयाळूपणाची होती, पण तिच्यात खोट होती. छापील अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली असतात. त्यांचे गोल, काने, वळणे बोटाला एका स्पर्शात कळत नाहीत. एकेक अक्षर चाचपावे लागे आणि ओळ संपेपर्यंत तिचा आरंभ विसरायला होई. शिवाय अक्षरे मोठी, म्हणून पुस्तके अवजड आणि महाग. संस्थेत ती मोजकीच होती. सर्वांत मोठी अडचण वेगळीच होती. अंध मुलगा असे वाचू शकला तरी तसे लिहू शकत नव्हता. त्याला आपला हिशेब टिपता येत नव्हता, आईला पत्र लिहून ते पुन्हा तपासता येत नव्हते.

संस्थेची इमारत जुनी, ओलसर आणि अंधारी होती. मुलांच्या आजारपणांना अंत नसे. लुईला पुढे जो क्षय झाला त्याची मुळे याच भिंतींत असावीत, असे पुष्कळांना वाटते. पण तो तेथे रमला. व्याकरण, इतिहास, गणित शिकला, सपाता तयार करण्याच्या कार्यशाळेत तरबेज झाला, आणि पियानो व ऑर्गन इतका उत्तम वाजवू लागला की पुढे पॅरिसच्या एका मोठ्या चर्चमध्ये त्याने वादक म्हणून काम केले.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये नावाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी आपली एक युक्ती घेऊन संस्थेकडे आले. उभे दोन स्तंभ, प्रत्येकात जास्तीत जास्त सहा उंचवट्याचे ठिपके, आणि ठिपक्यांच्या संख्येवरून ध्वनी ओळखायचा, अशी ती लिपी होती. अंधारात सैनिकांनी निरोप वाचावेत म्हणून ती तयार झाली, ही कथा तुम्ही अनेक पुस्तकांत वाचली असेल. अलीकडच्या संशोधकांनी या कथेविषयी शंका घेतली आहे. शाळेत न गेलेल्या आणि अंध माणसांना लिहिता यावे, हाच बार्बिये यांचा मूळ हेतू दिसतो. त्यांना एवढे श्रेय द्यायलाच हवे की रेघेपेक्षा ठिपका बोटाला लवकर कळतो, हे त्यांनी ओळखले आणि ठिपके टोचून लिहिण्याची पट्टीही दिली.

बारा वर्षांच्या लुईला ही लिपी मिळाली आणि तिच्यातल्या उणिवाही त्याला लगेच जाणवल्या. बारा ठिपक्यांचा उभा पसारा बोटाच्या पेरात मावत नाही. बोट वरखाली न्यावे लागते. लिपी ध्वनींची असल्यामुळे शुद्धलेखन नाही, विरामचिन्हे नाहीत, अंक नाहीत, संगीत नाही. जणू अंधांना शुद्धलेखनाची गरजच काय, असे गृहीत धरलेले! वर्गातले तास आणि कार्यशाळेतले काम संपल्यावर, रात्री आणि सुटीत गावी, तो मुलगा कागदावर टोचत बसे. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी जवळपास सिद्ध झाली होती. १८२९ मध्ये तिचे पहिले पुस्तक निघाले. त्यात त्याने बार्बिये यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले.

विद्यार्थी मित्रांनो, ती लिपी समजून घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. लूडोच्या फाशावरचा सहाचा आकडा उभा डोळ्यांसमोर आणा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. यांतले कोणते ठिपके उठवायचे आणि कोणते सपाट ठेवायचे, एवढ्यावर सारा खेळ आहे. गणिताच्या हुशार मुलांनी हिशेब करून पाहावा. सहा जागा, प्रत्येकीला दोन पर्याय, म्हणजे दोनचा सहावा घात चौसष्ट. सगळे सपाट हा एक प्रकार वजा केला की त्रेसष्ट खुणा उरतात. त्यांत अक्षरे बसतात, अंक बसतात, विरामचिन्हे बसतात, आणि त्याच खुणा वेगळ्या अर्थाने वापरून संगीताचे सूरही बसतात. पूर्ण घर बोटाच्या टोकाखाली मावते, म्हणून बोट न थांबता ओळीवरून सरकत जाते.

लिहिण्याची पाटी असते, तिच्यात घरे पाडलेली असतात आणि बोथट टोकाच्या टोचणीने कागद टोचायचा असतो. ती टोचणी पाहिली की जिनगराच्या आरीची आठवण होतेच. कागद मागून टोचला जातो, तेव्हा लिहिणारा उजवीकडून डावीकडे जातो. कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचायचे. उर्दूचे विद्यार्थी येथे हसतील, पण ब्रेलमधली उर्दूही डावीकडून उजवीकडेच वाचली जाते.

आपल्या भाषांसाठी एकच समान लिपी असावी, म्हणून १९५१ साली भारती ब्रेल ठरली. त्याआधी देशात निरनिराळ्या पद्धती चालू होत्या आणि एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेला परके होते. भारती ब्रेलमध्ये १ आणि २ हे ठिपके उठले की मराठीचा ब आणि उर्दूचा बे. १, २, ३ म्हणजे ल आणि लाम. १, ३, ४ म्हणजे म आणि मीम. डोळ्यांना या दोन लिप्या किती निराळ्या दिसतात, पण बोटाला मात्र एकच. मराठी लिहिताना आणखी एक सोय होते. आपण डोळ्यांसाठी लिहितो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. पहिलीच्या मुलांना हे ऐकून हेवा वाटेल!

एवढी सोयीची लिपी हाती आल्यावर संस्थेने ती डोक्यावर घेतली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. मुलांनी ती लगेच उचलली. वहीत टिपणे, एकमेकांना चिठ्ठ्या, गाण्यांचे सूर, सारे ठिपक्यांत होऊ लागले. संचालक पिन्ये यांनी लुईला शिक्षक म्हणून ठेवून घेतले आणि लिपीला मोकळीक दिली, पण अधिकृत मान्यता मिळाली नाही. १८४० मध्ये पिन्ये यांना जावे लागले आणि द्युफो संचालक झाले. त्यांनी उठावाच्या अक्षरांचीच दुसरी पद्धत आणली आणि ठिपक्यांना बंदी केली. मुले चोरून लिहीत राहिली.

द्युफो यांना आपण दुष्ट ठरवून मोकळे होऊ नये. त्यांचा मुद्दा असा होता की, डोळस माणसांना न वाचता येणारी लिपी दिली तर अंध माणूस समाजापासून तुटेल. सद्हेतूने मांडलेला आणि ऐकायला अगदी रास्त वाटणारा हा मुद्दा आहे. पण निर्णय घेणाऱ्यांची बोटे कधी त्या उठावाच्या अक्षरांवर अडखळली नव्हती. ज्याला ती अडखळ रोज सोसावी लागते, त्याला कोणी विचारले नाही. लुईने मात्र त्यांच्या मुद्द्यालाही उत्तर शोधले. ठिपक्यांनीच नेहमीच्या अक्षरांचे आकार काढता येतील अशी आणखी एक पद्धत त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे अंध मुलाचे पत्र त्याच्या डोळस आईला वाचता येईल. पुढे फुको नावाच्या अंध कारागीर मित्राने त्यासाठी यंत्रही बनवले. टंकलेखन यंत्राच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

द्युफो यांचे सहायक गोदे यांनी ठिपक्यांची बाजू घेतली आणि हळूहळू संचालकांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४ मध्ये संस्थेच्या नव्या इमारतीचा उद्घाटन-समारंभ झाला, त्यात लिपीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. श्रोत्यांसमोर एका विद्यार्थ्याला मजकूर सांगण्यात आला, त्याने तो टोचून घेतला. त्या वेळी खोलीबाहेर असलेल्या दुसऱ्याला आत बोलावले आणि त्याने तो कागद बोटांनी घडाघडा वाचला. लुई ब्रेल त्या सभेत हजर होता. तेव्हा त्याचे वय पस्तीस होते आणि क्षयाने त्याचा आवाज जवळजवळ घेतला होता.

पुढची वर्षे आजारपणात गेली. शिकवणे कमी होत गेले. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, तो वारला. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. त्याच्या एका मित्राने लिहून ठेवले आहे की, न उघडता जाळून टाका असे सांगून ठेवलेली एक पेटी मागे राहिली होती. ती उघडली तेव्हा आत विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून घेतलेल्या उसन्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या.

त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८५४ साली, फ्रान्सने ही लिपी अधिकृत केली. आपल्या लोकांना हे साल लक्षात ठेवायला सोपे आहे. बोरीबंदरहून ठाण्याला आलेली आगगाडी त्याच वर्षी पुढे कल्याणपर्यंत पोहोचली. लिपीला आपल्याकडे यायला मात्र पुष्कळ अधिक वेळ लागला. १८८७ मध्ये अमृतसरला भारतातली पहिली अंधशाळा निघाली. मुंबईत १९०० साली मिस मिलार्ड यांची अमेरिकन मिशनची शाळा आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. ब्रेल छापखाना तर थेट १९५१ मध्ये, डेहराडूनला.

आता मोबाईल बोलतो, पुस्तक वाचून दाखवतो, मग ठिपके कशाला, असे काही पालक विचारतात. डोळस मुलाला आपण असे म्हणतो का? त्याच्याही हातात मोबाईल असतो, तरी त्याला आपण लिहायला शिकवतोच. नुसते ऐकून शुद्धलेखन येत नाही, बीजगणिताचे समीकरण कानात धरून सोडवता येत नाही. इजिप्तचे ताहा हुसेन लहानपणी डोळे आले असताना अडाणी उपचाराने अंध झाले, केवळ श्रवणावर विद्वान झाले, पुढे १९५० मध्ये त्या देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि माध्यमिक शिक्षण त्यांनी मोफत केले, हे खरे. पण त्यांना आयुष्यभर कोणीतरी वाचून दाखवावे लागले आणि त्यांचे लेखन दुसऱ्याने उतरवून घ्यावे लागले. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाला असा लेखनिक जन्मभर कोठून मिळणार?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत, त्यांतली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि ते सरकारी रुग्णालयातून मिळते. मूल घरात बसवून ठेवणाऱ्या घरांनी एवढा एक कागद तरी या वर्षी करून घ्यावा. मुलगी असेल तर तिचा आधी.

२००९ साली लुई ब्रेलच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्याच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. एखादे आपल्याही गल्ल्यात सापडेल. फ्रान्सला जाग आली ती मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर. १९५२ मध्ये, ज्या वर्षी मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली त्याच वर्षी, राष्ट्राच्या थोर पुरुषांचे देह जेथे ठेवतात त्या पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये त्याचा देह समारंभाने नेण्यात आला. हात मात्र गावाकडेच राहिले. कुव्रेच्या दफनभूमीत, जुन्या कबरीवरच्या एका लहानशा पेटीत ते ठेवलेले आहेत.